डावा कान

विसराळूपणा तपासायला डॉक्टरांनी तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा मला एकही सांगता आला नाही. "डोकं शाबूत आहे हो यांचं," बायको पिशवीचा बंद पिळत म्हणाली. "डावा कान तेवढा गेलाय, तुम्ही नेमके तिकडेच बसलात." मीही चाचरत भर घातली, "उजव्या कानातलं मेंदूच्या डाव्या बाजूला जातं. भाषा तिथेच असते, असं वाचलंय." "बघा, एवढं लक्षात राहतं," ती म्हणाली. डॉक्टर हसून उजवीकडे सरकले. "चावी, ढग, कंगवा." तिन्ही लख्ख ऐकू आले. बायकोने बंद सोडला. पाच मिनिटं मुलाबाळांची चौकशी करून डॉक्टर म्हणाले, "हं, सांगा बघू." "चावी," मी म्हणालो. "ढग." तिसरा आठवेना. बायकोची बोटं पुन्हा बंदाकडे गेली. मी हळूच डावा कान डॉक्टरांपुढे केला. "काय म्हणालात? ऐकू आलं नाही."