चौदा किलोमीटर अंधार

आधी गाडीचे दिवे मंद झाले, मग इंजिन गप्प झालं. उरलेल्या वेगात लीव्हनने गाडी कशीबशी महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर घेतली. इंडिकेटरही लागेनात. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. चहूकडे मिट्ट काळोख होता, आणि तो त्याच्याच सहीने झाला होता.

लिम्बर्ग प्रांतातल्या महामार्गाच्या या चौदा किलोमीटरवर रात्री अकरा ते पाच रस्त्याचे दिवे बंद ठेवायचे, हा निर्णय रस्ते खात्यातला इंजिनियर म्हणून त्याचा. वीज वाचेल आणि अंधारात लोक जपून चालवतील, असं त्याने भरसभेत ठामपणे सांगितलं होतं. त्या सभेत एकच बाई त्याला शेवटपर्यंत नडली होती. हेडविग. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा तिचा धंदा. चार हजार सह्यांचा अर्ज त्याच्यासमोर आपटून ती म्हणाली होती, "इंजिनियरसाहेब, मेलेल्यांना उचलायला मी जाते, तुम्ही नाही."

विमा कंपनीने आज नेमकं तिलाच पाठवलं. "पाऊण तास लागेल," ती फोनवर म्हणाली. त्याचं नाव ऐकूनही जास्त काही बोलली नाही.

बाहेर कडाक्याची थंडी होती. गाडीत अजून ऊब होती. लीव्हन पाचेक मिनिटं बसला. पण मागून येणारी प्रत्येक गाडी थेट आपल्यावरच येतेय असं वाटू लागलं. शेवटी तो पलीकडच्या दाराने उतरला, रस्त्याकडेचा लोखंडी कठडा ओलांडला आणि बांधावर चढून ओल्या गवतात उभा राहिला. चाळिशीतला माणूस, आणि अंधाराला भ्याला. त्याला स्वतःची लाज वाटली.

वीस मिनिटांनी एक भरधाव ट्रक तिरका होत कडेच्या पट्टीवर सरकला. ब्रेक लागल्याचा आवाज आलाच नाही. धडकेने लीव्हनची गाडी चुरगळत, फरफटत साठ मीटर पुढे गेली.

हेडविग पोचली तेव्हा लीव्हन बांधावर तसाच उभा होता. ट्रकवाला डोकं धरून कठड्याला टेकला होता. बोगुमिल त्याचं नाव, पोलंडचा.

"दिसली नाही गाडी?" तिने त्याला विचारलं.

"डोळा लागला होता, बाई. दणका बसला तेव्हा जाग आली."

हेडविगने टॉर्च लीव्हनच्या गाडीत मारला. मागची सीट पुढच्या सीटवर चढली होती. चालकाच्या जागी मांजरही मावलं नसतं.

लीव्हनने खिशातून फोन काढला. "नियंत्रण कक्षाला सांगतो, सगळे दिवे लावा म्हणून. आत्ताच्या आत्ता. तुम्ही म्हणत होता तेच खरं."

"ठेव तो फोन." सभेतलं साहेब-बिहेब तिने गुंडाळून ठेवलं होतं. "माझा अर्ज मी परवाच मागे घेतलाय. टपाल उघडत जा."

"मागे घेतला? का?"

"एकोणीस वर्षं दिव्यांखाली गाड्या उचलल्या. दर वेळी माणसं आतच बसलेली. काचा बंद, मोबाईल हातात. दार बडवून बाहेर काढावी लागायची. तिघांपर्यंत मी वेळेत पोचले नाही. दिवे गेल्यापासून नऊ गाड्या उचलल्या, तुझी दहावी. माणसं कठड्यापलीकडे उभी असतात. नव्हती अशी एकच म्हातारी, तीही कठडा ओलांडता येईना म्हणून. तेवढ्या माणूस जाईल अशा फटी ठेव कठड्यात."

"पण उजेड असता तर..."

"झोपलेल्याला कसला उजेड दिसतो?" तिने आपलं जाड जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. "उजेड असता तर तू आत बसून माझी वाट बघत असतास."