मैनीच्या गोधड्या

"एखाद्या तरी हत्तीणीची सोंड वर करा ना, मावशी," मीनाक्षी म्हणाली. "वर सोंड असली की लोक शुभ मानतात. चटकन घेतात."

दगडाबाईनं सुईत दोरा ओवला. "मैनीची सोंड खालीच ऱ्हाती, बाई."

जालना रोडवरच्या त्या हॉलच्या भिंतींवर एकोणीस गोधड्या टांगल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे तुकडे, त्यांवर दाट धावदोरा आणि मधोमध राखी कापडाची एकच हत्तीण. कुठं उसाच्या फडाशी, कुठं गोदावरीच्या काठाला. सोंड मात्र सगळीकडं जमिनीला टेकलेली, खाली पडलेलं काही हुंगत असल्यासारखी.

मीनाक्षी शहरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी गंगापुरात एका दारात वाळत घातलेली गोधडी पाहून ती एसटीच्या वाटेवरून मागं फिरली होती. विकत मागितली, तर दगडाबाई म्हणाली, "मला पैसा नको. मैनीला धाडा."

मैना म्हणजे गावोगाव भीक मागत फिरवलेली हत्तीण. आता ती दूर दक्षिणेत, सोडवलेल्या हत्तींच्या आश्रयस्थानात होती. डांबरी सडकांनी तिचे तळवे सोलून काढले होते. तिला मऊ मातीचं अंगण आणि वर छप्पर हवं होतं. त्यासाठीच हे प्रदर्शन.

हत्तीवाले कधी दगडाबाईच्या शेताशेजारी उतरले असतील, तिथंच ही गट्टी जमली असेल, असं मीनाक्षी धरून चालली होती. कारण दगडाबाई मैनीविषयी बोलायची ती सासरी गेलेल्या लेकीविषयी बोलावं तशी.

"गूळ आधी खाती, मग भाकर. पाण्यात बसली की उठायचं नाव नाय. फटाक्याला मात्र लई भ्याती."

"आणि तुम्हाला मूलबाळ?" मीनाक्षीनं एकदा विचारलं होतं.

"आता मैनीच की," म्हातारी हसली होती.

अकराच्या सुमारास आप्पासाहेब आले. निवृत्त अधिकारी, शहरात शब्दाला वजन असलेले. त्यांनी आल्या आल्या तीन गोधड्या बाजूला काढायला सांगितल्या, त्यातली एक खांद्यावर टाकून पाहिली. ते पाहून आणखी चारपाच जणांनी हात पुढं केले. मीनाक्षीच्या डोळ्यांसमोर छप्पर उभं राहिलं.

मग आप्पासाहेबांनी भिंतीवरची माहिती वाचली आणि खांद्यावरची गोधडी उतरवून टेबलावर ठेवली.

"ही तीच मैना?"

"तुम्हाला माहीत आहे ती?"

"आठ वर्षं झाली. मिरवणुकीत फटाक्यांची माळ पायाशी पडली, ही उधळली आणि स्वतःच्याच माहुताला तुडवलं. पंचवीस वर्षांचा मुलगा. पेपरात आलं होतं. मारेकरी हत्तीणीसाठी वर्गणी गोळा करताय तुम्ही."

पुढं आलेले हात मागं गेले. एका बाईनं घडी केलेली गोधडी हळूच परत ठेवली.

मीनाक्षी पुढं झाली. तिला आधी म्हातारीची काळजी वाटली. "हळू बोला, आप्पासाहेब," ती कुजबुजली. "मावशी तिला लेकीसारखी मानतात. त्यांना यातलं काही माहीत नसेल."

पण दगडाबाई उठून टेबलापाशी आली होती.

"जनावर घाबरलं व्हतं, साहेब," ती म्हणाली. "नंतर दोन दिस त्याच्यापासून हालली नाय. सोंडेनं उठवत ऱ्हायली त्याला. कुणाला जवळ येऊ देईना."

"पेपरात हेही होतं," आप्पासाहेबांचा आवाज खाली आला. ते वाईट माणूस नव्हते. "पण आजी, त्या मुलाची आई कुठंतरी असेलच ना? हत्तीणीचं कौतुक सगळे करतात, त्या माउलीचा विचार कोण करणार? तिला दाखवाल तुम्ही ही गोधडी?"

दगडाबाईनं टेबलावरची गोधडी उचलली. हत्तीणीच्या पाठीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"दाखवायची कशाला, साहेब," ती म्हणाली. "तिनंच शिवलीया."