आगमनकाळातलं गौरवगीत

पापकबुली झाली, तरुण पाळकसाहेबांनी प्रार्थनेचं पान उलटलं आणि तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचे बाबाराव मास्तर उठून खणखणीत आवाजात गौरवगीत म्हणू लागले.

चर्चमधल्या तीस-पस्तीस माणसांच्या माना एकदम वळल्या. डिसेंबरातला आगमनकाळाचा दुसरा रविवार होता. वेदीवर जांभळं वस्त्र होतं आणि चार मेणबत्त्यांपैकी दोनच पेटल्या होत्या. नाताळची वाट पाहण्याचे हे चार रविवार, आणि या चारही रविवारी गौरवगीत म्हणायचं नाही, ते नाताळच्या उपासनेसाठी राखून ठेवायचं, हे तिथल्या लहान लेकरालाही ठाऊक होतं. ठाऊक होतं, कारण खुद्द बाबाराव मास्तरांनीच ते प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. चाळीस वर्षं चर्चची किल्ली त्यांच्या खिशात आणि उपासनेची शिस्त त्यांच्या जिभेवर. सवयीनं कुणी नुसतं गुणगुणलं तरी मास्तर त्याला दारात गाठून अशी हजेरी घेत, की बिचारा नाताळपर्यंत तोंड उघडायला धजत नसे. नागपूरहून आलेल्या एका पाहुण्या पाळकांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

सत्यशीलाबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. "अहो, बसा ना. आगमनकाळ हाय."

मास्तरांना ऐकूच गेलं नाही.

वर्षभर बाईंची तारेवरची कसरत चालली होती. मास्तर विसरायला लागले होते. चष्मा कुठं ठेवला, जेवण झालं की नाही, कधी कधी तर थोरल्या लेकीचं नावसुद्धा. बाहेर सुगावा लागू नये म्हणून बाई त्यांचा हात सोडत नसत. कुणी काही विचारलं की उत्तर आपणच देऊन टाकत. गीताचा क्रमांक सांगितला की पान उघडून पुस्तक त्यांच्या हातात देत. म्हातारपणी मास्तरीणबाईंना फारच प्रेम आलंय, असं लोक हसून म्हणत. हसू देत. पण ज्या माणसाला अख्खं चर्च वचकून असे, त्याची कुणी कीव करावी, हे बाईंना सोसणारं नव्हतं. आणि आज भर उपासनेत सगळं उघडं पडत होतं.

त्यांनी पुन्हा सदरा ओढला, आणि हात तसाच थांबला. किती दिवसांनी ऐकला हा आवाज! पूर्वी नाताळला आजूबाजूच्या गावांतून माणसं येत. राळेगावची बस भरून येई, बाकं पुरत नसत, उशिरा आलेल्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहत, आणि त्या सगळ्यांच्या वर हा एक आवाज छपराला जाऊन भिडे. ढाणकीहून मावशीकडे नाताळाला आल्या असताना सत्यशीलाबाईंनी आधी हा आवाज ऐकला होता, आणि माणूस मागाहून पाहिला होता. लेकीचं नाव विसरणाऱ्या त्या माणसाला आज एकही शब्द अडत नव्हता.

बाईंना भरून आलं. त्या उठल्या आणि मास्तरांच्या शेजारी उभ्या राहून गाऊ लागल्या.

बाकी कुणी उठलं नाही. पेटीवर बसलेल्या शकुबाईंनी हात मांडीवर ठेवले. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं आणि दोघांचं गाणं संपेपर्यंत ते खाली मान घालून थांबले. मग म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

उपासना सुटल्यावर दारात शकुबाईंनी बाईंचा हात हातात घेतला. "मास्तरले जपा हो बाई," त्या हळूच म्हणाल्या. झालं. वर्षभर जे टाळलं, ते शेवटी पदरात पडलंच.

दोघं घराकडे निघाली. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर पुढे निघून गेला. फाट्याजवळ मास्तर एकदम थांबले.

"सत्यशीला, आज दुसरा रविवार ना?"

"हाव."

"दोनच मेणबत्त्या होत्या. म्या पाह्यल्या." त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मंग गौरवगीत कोनं सुरू केलं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, अगदी पूर्वीसारखी. आणि त्या नजरेत भीती होती.

"मी," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मीच. निघून गेलं तोंडातून."

मग मास्तर सुरू झाले. "काहून पन? चाळीस वर्सं झाले सांगून राह्यलो, समजत नाई तुले? नाताळ यायच्या आधीच नाताळ करून टाकतं काय? वाट पाह्याची म्हनजे पाह्याची! मास्तराच्या बायकोनंच असं केलं, त लोकायनं काय करावं?" काठी रस्त्यावर आपटत होती. सायकलवरून जाणारा एक माणूस मागे वळून वळून पाहत होता.

बाई तोंडाला पदर लावून, खाली मान घालून चालत होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बोलणी बसल्यामुळे रडतेय बिचारी. वर्षभरात मास्तर एका दमात एवढं बोलले नव्हते. घर दिसायला लागलं तशी बाईंनी चाल आणखी हळू केली.

"पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं न," मास्तर म्हणाले, "त सगळ्यायसमोर बाहेर उभी करीन."

"करा," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नक्की करा."