पंडितआप्पांची काकडी

"आप्पा, बी आडवं टाकायचं की उभं?"

पंडितआप्पांनी डब्यातल्या मातीत डोकावून पाहिलं. "उद्या सांगतो," ते म्हणाले. "आज तिथी चांगली नाही."

वरच्या मजल्यावरच्या मंदाने मान डोलावली आणि बिया परत पदराच्या टोकाला बांधल्या. आप्पांना हायसं वाटलं, पण क्षणभरच. तिथी उद्या सुधारली असती. काकडीतलं ओ की ठो त्यांना कळत नव्हतं, ते एका दिवसात कसं सुधारणार?

सुरतेतल्या उधन्याच्या त्या चाळीच्या गच्चीवर सरस्वतीबाईंनी बारा वर्षं भाज्या काढल्या होत्या. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेथी, गिलकी, काकडी. आणि चाळभर सांगत फिरायच्या, "हे सगळं आमच्या ह्यांचं हो. त्यांच्या हाताला गुण आहे." आप्पा कापडाच्या लूमवरून सुटून आले की पाण्याच्या दोन बादल्या वर नेऊन ठेवत. त्यांचा बागकामाशी संबंध तेवढाच. पण बाई इतक्या कौतुकाने सांगायच्या की खोडून काढायला त्यांची जीभ कधी उचलली नाही.

संक्रांतीनंतर सरस्वतीबाई गेल्या. आप्पा खाटेवरून उठेनासे झाले. ताटातली भाकरी तशीच राही. जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात कामाला जाणारा त्यांचा मुलगा योगेश निघताना रोज सांगे, "आप्पा, निदान खाली जाऊन चहा तरी पीत जा." आप्पा हो म्हणत आणि भिंतीकडे तोंड करत. होळीपर्यंत ते जिना उतरले नव्हते.

होळी झाली आणि मंदा दारात येऊन उभी राहिली. तापीकाठच्या कुठल्याशा गावची, दिवाळीनंतर चाळीत राहायला आलेली. नवरा कडोदऱ्याला लूमवर.

"आप्पा, काकूंच्या डब्यांत काकडी लावू का? मला काही येत नाही. काकू म्हणायच्या, तुम्हाला सगळं येतं."

नाही म्हणावं तर सरस्वती खोटी पडत होती. गेलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

"त्यात काय एवढं," आप्पा म्हणाले होते.

त्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी टोपी घातली आणि कठडा धरून ते जिना उतरले. शाक मार्केटच्या कोपऱ्यावर इंदुबाई काकड्यांचा ढीग लावून बसायची. खान्देशातलीच, म्हणून बोलायला बरी. आप्पांनी एक काकडी उगाच उलटीपालटी केली.

"इंदुबाई, एक आपलं सहज विचारतो. काकडीचं बी आडवं लावतात की उभं?"

इंदुबाईने कानामागे खाजवलं. "उद्या या आप्पा. आता गिऱ्हाइकाची घाई आहे."

गिऱ्हाईक तर कुणी नव्हतं. पण आप्पा मुकाट्याने परतले आणि मंदाला सांगून तिथी आणखी एक दिवस वाईट ठेवली.

मग तोच क्रम पडला. मंदा विचारी, आप्पा "उद्या सांगतो" म्हणत, इंदुबाई "उद्या या" म्हणे, आणि तिसऱ्या दिवशी आप्पा गच्चीवर छाती काढून उभे राहत. "बी रात्रभर भिजव. आडवं टाक, बोटाचं अर्धं पेर खोल. डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाड, नाहीतर मुळं कुजतील. दोन रोपं आली तर जोमाचं ठेव, दुसरं काढ." मंदा डोळे मोठे करून ऐके.

वेल बांबूवर चढला. पिवळी फुलं आली आणि गळली. मंदा रडकुंडीला आली. आप्पा त्या दिवशी उन्हातच मार्केटला निघाले. दुसऱ्या दिवशी मिळालेलं उत्तर ऐकून मात्र त्यांना घाम फुटला. सुनेच्या वयाच्या बाईला हे सांगायचं कसं? गच्चीवर त्यांनी पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं.

"काही फुलं नर असतात. ती आधी येतात, गळतात. मग मादीची येतात. त्यांच्या बुडाला बारीकशी काकडी असते. सकाळी नर फूल खुडायचं आणि मादीच्या... म्हणजे दोघांची गाठ घालून द्यायची. बस."

मंदाने पदर तोंडाला लावला. "तुम्हीच घाला आप्पा. तुमच्या हाताला गुण आहे."

त्यानंतर आप्पा रोज सकाळी योगेशच्या आधी उठू लागले. गाठी घालून द्यायच्या असत. चैत्राचं ऊन चढलं, गच्चीचं सिमेंट तापायला लागलं, तेव्हा त्यांनी सरस्वतीबाईंचं जुनं लुगडं काढलं. बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मग वर जाऊन वेलावर त्याची सावली बांधली. "पाण्याला खाडा झाला की काकडी कडू होते," ते खालून जाणाऱ्या येणाऱ्याला थांबवून सांगू लागले. मार्केटच्या वाटेवर त्यांना आता चहाला बोलावणारे तिघेचौघे झाले होते. एका रात्री जेवताना त्यांनी दुसरी भाकरी मागितली. योगेशने ती ताटात वाढली आणि पाणी प्यायला उठून मोरीकडे गेला.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पहिल्या चार काकड्या निघाल्या. एक त्यांनी सरस्वतीबाईंच्या फोटोपुढे ठेवली, दोन मंदाला दिल्या. चौथी रुमालात गुंडाळून ते शाक मार्केटला गेले. खरं काय ते एका माणसाला तरी सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटत होतं.

"इंदुबाई, ही तुमची," ते म्हणाले. "मला काही येत नव्हतं. तुम्ही सांगितलंत म्हणून आमच्या हिचा शब्द राहिला."

इंदुबाईने काकडी घेतली, वास घेतला आणि परत त्यांच्या हातात ठेवली.

"आप्पा, खोटं कशाला बोलू? मी विकणारी बाई. जन्मात वेल लावला नाही. तुम्ही विचारून गेलात की संध्याकाळी मी भाचीला विचारायचे. तापीच्या पात्रात तिच्या बापाच्या काकडीच्या वाड्या आहेत, चालायला लागली तेव्हापासून ती वेलांतच वाढली. ही काकडी तिलाच द्या. तुमच्याच चाळीत राहते, वरच्या मजल्यावर. मंदा."