अंग तापायच्या आधी

"थोरला उचल," नाथाजी वस्ताद म्हणाला, तशी तालमीतली समदी पोरं गपगार झाली.

कृष्णातला वाटलं, बा चेष्टा करतोय. गडी आत्ता कुठं लंगोट कसून हौद्यात उतरला हुता. अजून एक जोर मारला न्हवता. अन् कुंडलच्या त्या तालमीत कायदा एकच. धाकटा धोंडा दम जाईस्तवर घ्यायचा. मधला चार-धा खेपा. थोरला मातूर एकदाच, त्योबी अंग घामानं भिजल्यावर. गार अंगानं कुणी थोरल्याला नुसता हात लावला तरी वस्ताद पाठीत काठी घालायचा. पोटच्या पोरालाबी त्येनं कवा सोडलं न्हवतं.

"आबा, अंग गार हाय अजून."

"उद्या कराडला भरतीच्या सायबाम्होरं अंग तापवत बसणार हायस व्हय? पलटणीत जायाचंय न्हवं? उचल. म्या थांब म्हणस्तवर उचल."

"व्हय की रं," त्येचा जोडीदार गुंडा कोपऱ्यातनं हसला. "जपान्याला काय सांगशील? थांब गड्या, बैठका मारून येतो?"

समदी खिदळली. कृष्णातबी हसला. त्येचा थोरला भाऊ ज्योतिबा बर्माच्या लढाईत पडला. पत्र्याची पेटी तेवढी माघारी आली. काल कृष्णातनं, म्याबी जाणार, म्हणून सांगितलं, तशी त्येची आई साळूबाई भिंतीकडं तोंड करून जी निजली ती अजून उठली न्हवती. बा रातभर न्हाई न्हाईच म्हणत हुता. अन् आज त्योच म्हणतोय, उचल. पोराची छाती फुगली. बानं मानलं म्हणायचं.

पहिल्या खेपंला धोंडा खांद्यावर आला. दुसऱ्या खेपंला गुडघं लटपटलं. त्येनं बाच्या तोंडाकडं बघितलं.

"अजून."

मग कमरंत काडकन वाजलं. धोंडा मातीत रुतला अन् त्येच्या शेजारी कृष्णात.

पोरं धावली. वस्ताद सावकाश आला. ओणवा होऊन त्येनं पोराच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"हालीव."

कृष्णातनं दात खाऊन अंगठा हालीवला. तवा कुठं नाथाजीनं कोंडलेला दम सोडला.

"वस्ताद, कुस्ती गेली की वो ह्येची," गुंडा रडकुंडीला आला. "आन् पलटणबी."

पोरांनी कृष्णातला फळीवर घातला अन् घरला आणला. कळ डोळ्यात मावत न्हवती, तरी त्येला बा दिसत हुता. बा त्येच्याकडं आला न्हाई. भिंतीकडं गेला अन् आईच्या उशाशी बसला.

"ऊठ, साळू," त्यो हळू म्हणाला. "पोरगं घरातच ऱ्हातंय."