गच्चीवरची कौलं

"घर तसं बरं आहे," रावजी मान वर करून म्हणाला, "पण सगळं कौलारूच काय हो?"

सखारामच्या पडवीत मुलगी बघायला आलेली माणसं मुलगी सोडून छप्पर बघू लागली. रावजीची बायको यमुनाबाई वर बघत होती. सोयरीक घेऊन आलेला भागोजी वर बघत होता. फक्त रावजीचा मुलगा रघू खाली बघत होता, म्हणजे राहीकडे. मुंबईला कारखान्यात कामाला असलेल्या ह्या पोराला ती मनापासून आवडली होती. राहीलाही तो आवडला होता, हे सखारामने लेकीच्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणून तो गप्प राहिला.

गप्प राहणं सोपं नव्हतं. सखाराम धंद्याने शाकारणारा. पावसाआधी घरोघरची कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, पुन्हा नीट बसवायची, हे काम त्याने वीस वर्षं केलं होतं. मग ऐंशी साल उलटलं आणि आळीला आपल्याच कौलांची लाज वाटू लागली. आळीतल्या मजीदने कुवेतहून येऊन पहिला स्लॅब टाकला. त्याने निदान जग तरी पाहिलं होतं. बाकीच्यांनी पाहिला तो फक्त मजीदचा स्लॅब. चार-पाच वर्षांत पडव्या गेल्या, ओटे गेले, जांभ्याच्या चिऱ्यावर सिमेंट चढलं आणि सिमेंटवर पिस्ता रंग. घराघराला गच्ची आली. गच्चीवर वारा खात बसायचं असतं, असं कोणीतरी मुंबईहून ऐकून आलं होतं. लोक हसत हसत सखारामला शिडी विकून टाकायला सांगू लागले.

रत्नागिरीच्या पावसाला मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. पहिल्या वर्षी स्लॅब पाझरला. दुसऱ्या वर्षी गळला. वर डांबर ओतून झालं, तरी तिसऱ्या वर्षी माणसं पलंगावर घमेली ठेवून खाली झोपली. मग गेल्या मे महिन्यात रावजीने सखारामला मागल्या दाराने घरात घेतलं. गच्चीवर कौलं घालायची होती, पण रस्त्यावरून एक कौल दिसता कामा नये. आधी कठडा छातीइतका उंच केला. त्याच्या आड सखारामने ओणवं होऊन बसकं छप्पर घातलं. "कुठं बोलायचं नाही," असं रावजीने बजावलं आणि सखाराम कुठं बोलला नाही.

तोच रावजी आता सतरंजीवर मांडी ठोकून सांगत होता, "आमचे पाहुणे मोठे. गुहागरचे येतील, मुंबईचे येतील. त्यांना काय कौलाखाली जेवायला बसवणार? मांडवाआधी स्लॅब टाकून घ्या. मग तारीख धरू."

"आजकाल कौलं ठेवतंय कोन?" भागोजीने री ओढली. आळीत सगळ्यात मोठी गच्ची त्याची होती.

सखारामच्या अंगाची लाही झाली. हे घर त्याने वासा वासा जोडून उभं केलं होतं. वीस पावसाळ्यांत आत थेंब आला नव्हता. पण दाराशी राही उभी होती आणि बापाकडे बघत होती. त्याने राग गिळला.

"टाकतो स्लॅब," तो म्हणाला.

पडवी सैल झाली. यमुनाबाईने पोह्यांची बशी उचलली.

"पन एक हाय," सखाराम सावकाश म्हणाला. "सोयरीक झाली की तुमच्या गच्चीवरची कौलं शाकारायला मी येनार नाय. व्याह्यानं व्याह्याच्या डोक्यावर चडायचं, बरं दिसत नाय. आनि दुसरा शाकारनारा आता रत्नांग्रीत उरलाय कोन?"

"कसली कौलं?" असं म्हणायला रावजीने तोंड उघडलं, पण यमुनाबाई आधी बोलून मोकळी झाली.

"अगो बाई! मंग आमचं कोन करनार? माकडांनी चार-पाच फोडून ठेवलीत, पाऊस आलाय म्हयना-दीड म्हयन्यावर!"

रघूने बशीत डोकं घालून हसू दाबलं. भागोजी मात्र हसला नाही. तो सखारामजवळ सरकला आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळूच, म्हणाला, "आनि माजी? माज्या कौलांना तर अजून हातसुदा लागला नाय."

रावजीने भागोजीकडे पाहिलं. भागोजीने रावजीकडे पाहिलं. दोघांची घरं समोरासमोर होती आणि गेल्या पावसाळ्यापासून दोघंही एकमेकांच्या कोरड्या गच्चीवर जळत होते.

मग रावजीने घसा खाकरला, पिशवीतून पंचांग काढलं आणि पानावरून बोट फिरवलं.

"स्लॅबचं ऱ्हाऊंदे," तो म्हणाला. "घर हाय तसं झकास हाय. मे अखेरचा मुहूर्त धरू." पंचांग मिटून तो सखारामकडे वळला. "तवर तू काय माजा व्याही नायस. उद्या सकाळी गच्चीवर चड."