देवीची कंबर

बसा, बात्तोसची गंमत सांगतो. आमच्या पारोस बेटावरचा हा मासळीवाला. लग्नच जमेना. "असल्या ध्यानाला कोण पोरगी देणार?" सगळे बाप म्हणायचे.

त्याचा दाजी मूर्तिकार. रूपाची देवी अफ्रोदिती घडवायला घेतली, पण ओलं वस्त्र नेसून उभी राहायला बायको तयार होईना. चेहरा तिचा घेतला, मानेखालच्या अंगासाठी त्याच ओल्या वस्त्रात मेव्हण्याला उभं केलं.

"दाजी, कुडकुडतोय मी!"

"गप रे, देवी आहेस तू!"

मूर्ती देवळात बसली. तेच बाप आ वासून बघत राहिले. "काय ती कंबर!" मागे बात्तोस लाजून चूर.

तर तुमच्या पाहण्यात मुलगी असली तर सांगा हो. मुलगा आधी देवळात जाऊन बघून घ्या, तोंडाकडे तेवढं बघू नका.